पाण्यात पिकअप घालण्याआधी



कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांमध्ये मुलगा कर्तासवरता झाला की पूर्वी पासपोर्टची गोष्ट निघायची. आता तिच्या जोडीला पिकअपचीही निघते. डाउन पेमेंटला अब्बांची शिल्लक नाहीतर अम्मीच्या बांगड्या, बाकीचे हप्ते. (हप्त्यावरच्या व्याजाचा प्रश्न मोठा आहे, तो आज काढत नाही.) मे महिन्यात आंब्याच्या पेट्या, मग खत, सिमेंट, मासळी, कोंबड्या, शादीतल्या देगा आणि मंडपाचे बांबू. हलाल रोजगार आहे, मुलगा घरी जेवायला येतो, अल्हम्दुलिल्लाह. आमच्या वर्गातून बाहेर पडलेली कितीतरी मुलं आज हेच काम करतात आणि रस्त्यात भेटली की हॉर्न वाजवून सलाम करतात.

ड्रायव्हिंग स्कूल त्यांना आठचा आकडा काढायला शिकवतं, रिव्हर्स शिकवतं. पण त्यांचं काम डांबरी रस्ता संपतो तिथे सुरू होतं. बाग वहाळापलीकडे, चिरेखाण नदीच्या उतारापलीकडे, एखादी वाडी अशी की जून ते सप्टेंबर फरशीवरून पाणी वाहतंच. त्या पाण्यात गाडी कशी घालायची हे कुणी शिकवत नाही. मुलं बघून शिकतात, आणि हल्ली मोबाइलवरच्या रील्स बघून शिकतात. त्यात गाडी दोन्ही बाजूंना पाण्याच्या भिंती उडवत सुसाट निघून जाते. पाण्यातून गाडी नेण्याची नेमकी तीच चुकीची पद्धत आहे. म्हणून हा लेख नवशिक्यांसाठी, आणि तितकाच त्यांच्या घरच्यांसाठी. घरचे का, ते पुढे येईल.

पहिली गोष्ट थांबण्याची. पाण्याच्या काठावर गाडी उभी करायची, हँडब्रेक ओढायचा आणि खाली उतरायचं. काचेतून पाणी वाचता येत नाही. उतरलं की काय बघायचं? पाण्याचा रंग. तळाचे गोटे दिसत असतील तर निम्मी माहिती मिळाली. गढूळ तांबडं पाणी असेल तर तळाचं काहीच कळत नाही, आणि वर पाऊस झालाय एवढं मात्र कळतं. पाण्यावरून काटक्या, पालापाचोळा, फेस येत असेल तर पाणी चढतंय असं धरून चालावं. काठावरचा एखादा दगड हेरून ठेवा, दहा मिनिटं थांबा. दगड बुडाला तर उत्तर मिळालं. आपल्याकडच्या नद्या आखूड आणि उताराच्या; कोकणपट्टीची रुंदीच ती किती! घाटमाथ्यावर झालेला पाऊस थोड्याच वेळात खाली येतो, आपल्या डोक्यावर कडक ऊन असलं तरी.

मग जागा. नदी जिथे पसरट असते तिथे ती उथळ, जिथे आवळलेली तिथे खोल. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी तळ खणत जातं, आतल्या काठाला वाळू टाकतं. पाणी खळखळत, लहान लहान लाटा उठवत चाललंय म्हणजे खाली गोटे जवळ आहेत. काळंशार, गुळगुळीत आणि मुकं पाणी दिसलं की समजावं, खाली डोह आहे. फरशी असेल तर तिची कड पाण्याखाली दिसत नाही, आणि पुरात कडेचा भराव खचलेला असू शकतो. शेवाळाची गोष्ट वेगळीच. कोरडी असताना खरखरीत वाटणारी फरशी जुलैमध्ये साबण लावल्यासारखी होते.

यानंतर हातात काठी घेऊन स्वतः चालून बघायचं, पाणी संथ असेल तरच. दोन्ही चाकं जिथून जाणार त्या दोन्ही रेषांवर चाला. खड्डा, मोठा दगड, पायाखाली सरकणारी वाळू, घोटा रुतवणारा चिखल, सगळं आत्ताच कळू द्या. आम्ही एक साधा नियम सांगतो: ज्या पाण्यात तुम्हाला चालवत नाही त्यात गाडी चालवायची नाही. माणसाचा पाय जिथे टिकत नाही तिथे टायर टिकेल ही समजूत खोटी आहे.

खोली मोजायला टेपची गरज नाही, चाकच माप आहे. आपल्याकडच्या पिकअपचं टायर साधारण 70 सेंमी उंच असतं, म्हणजे चाकाचा मध्य जमिनीपासून 35 सेंमीच्या आसपास. संथ पाणी, कडक तळ आणि चाकाच्या मध्याच्या चांगलं खाली राहणारी पातळी एवढीच नवशिक्याची हद्द. वाहत्या पाण्याला हे माप लागूच नाही. अमेरिकेच्या हवामान खात्याने लोकांना समजावण्यासाठी आकडे दिले आहेत: 15 सेंमी पाण्यात मोटारीचा ताबा सुटू शकतो किंवा ती बंद पडू शकते, 30 सेंमी पाणी बऱ्याच मोटारींना तरंगवतं, आणि 60 सेंमी वाहतं पाणी पिकअपसकट बहुतेक गाड्या वाहून नेतं. म्हणून वाहतं पाणी घोट्याच्या वर असेल तर नवख्याने थांबावं. यात कमीपणा नाही.

एवढी जड गाडी तरंगते कशी, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. शाळेतला आर्किमिडीज आठवा. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते तेवढ्या वजनाने ती हलकी होते. बंद तळाचा 1 चौरस मीटर भाग 10 सेंमी पाण्यात बुडला की 100 लिटर पाणी बाजूला सरतं, म्हणजे 100 किलो वजन उणं झालं. रिकामी पिकअप दीड-पावणेदोन टनांची. तिचं इंजिन पुढे, मागचा हौदा रिकामा. आणि आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना रेटा मिळतो तो मागच्या चाकांचा. म्हणजे जी चाकं गाडी ढकलणार तीच सगळ्यात आधी हलकी होणार. त्यात पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. ‘कालही याच पाण्यातून गेलो होतो’ हे म्हणणं म्हणून फसवं ठरतं. पाणी दिसायला तेवढंच असतं, त्याची ओढ वाढलेली असते.

रात्री तर वाहत्या पाण्यात गाडी घालूच नये. हेडलाइटच्या उजेडात पाणी आणि ओला रस्ता सारखेच चकाकतात. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला, दोन एसटी बस आणि आणखी वाहनं पुराच्या पाण्यात गेली. तो तर राष्ट्रीय महामार्गावरचा दगडी पूल होता. आपल्या वाडीच्या फरशीची काय कथा!

आता परत फिरण्याबद्दल. आम्हाला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याच्यावर. पाण्याच्या काठावर उभ्या असलेल्या मुलाच्या डोक्यात पाण्याचा हिशेब कमी आणि बाकीचेच हिशेब जास्त चालू असतात. पाच तारखेचा हप्ता. बर्फातली मासळी. ‘तो गेला, मग तू का नाही’ म्हणणारे दोस्त. आणि खिशात वाजणारा फोन: “कुठे आहेस? किती वेळ? सगळे जेवायचे थांबलेत.” हे प्रेमानेच विचारलेलं असतं. पण काठावर उभ्या असलेल्याला ते ढकलतं. म्हणून घरातल्या मंडळींना विनंती, पावसाळ्याच्या दिवसांत प्रश्न बदला. “पाणी कसं आहे? थांबलास तरी चालेल, खालाजानकडे राहा,” एवढं अम्मीने एकदा तोंडाने म्हटलं की मुलाच्या छातीवरचं निम्मं ओझं उतरतं. गाडीत कोरडे कपडे, पाण्याची बाटली, बिस्किटं आणि चार्ज केलेला फोन असावा. थांबायची तयारी असलेला माणूसच थांबतो. घरातले पुरुष विचारतील, मालाचं काय? मासळी खराब झाली तर एक खेप बुडेल. त्या एका खेपेचा तोटा सोसायची तयारी जूनमध्येच घरात बसून बोलून घ्यावी, काठावर फोनवरून नव्हे.

काही जण म्हणतात, ‘अल्लाहवर भरोसा ठेव आणि घाल गाडी, नशिबात असेल ते होईल.’ हे वाक्य दीनदारीचं वाटतं, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. हजरत उमर (रजि.) लष्करासह शामकडे निघाले होते. सरग या ठिकाणी त्यांना कळलं की पुढे प्लेगची साथ आहे. सहाबांशी मशवरा करून त्यांनी परत फिरायचं ठरवलं. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारलं की हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणं नाही का? त्यावर हजरत उमर (रजि.) यांनी दिलेल्या जबाबाचा आशय असा की आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, आणि दाखला दिला तो दरीत उतरलेल्या उंटांचा, ज्या दरीची एक बाजू हिरवी आहे आणि दुसरी उजाड. कुठल्याही बाजूला उंट चारले तरी ते अल्लाहच्या तकदीरनेच. सहीह बुखारीत ही हकीकत आहे. अमीरुल मोमिनीन लष्कर घेऊन वाटेतून परत फिरले. आपल्या मुलाने कोंबड्यांची पिकअप फिरवली तर तवक्कुल कमी होत नाही.

आखाती देशात राहून आलेल्या मंडळींना वाद्या माहीत आहेत. एरवी कोरडी असलेली ती डोंगरातली नदी पाऊस पडताच लोंढा घेऊन येते. संयुक्त अरब अमिरातीने 2023 मध्ये नियम कडक केला: पूर आलेल्या वादीत गाडी घातली तर 2000 दिरहम दंड, 23 ब्लॅक पॉइंट आणि 60 दिवस गाडी जप्त. तिथे दहा वर्षं काढलेला आपला माणूस हा नियम निमूटपणे पाळतो. तोच सुट्टीवर गावी आला की पोराला म्हणतो, “घाल रे, काय होतंय!”

शिकायचं कधी, तर पावसाळ्यात नाही. डिसेंबर-जानेवारीत, ओळखीच्या उतारावर, पोटरीपेक्षा कमी संथ पाण्यात, दिवसाढवळ्या, शेजारी जाणता माणूस घेऊन आणि काठावर दुसरी गाडी उभी ठेवून. वयाचंही बघा. मालवाहू गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायला कायद्याने 20 वर्षं पूर्ण लागतात, अठरा नव्हे.

कोरड्या दिवशी बॉनेट उघडून एक गोष्ट बघून ठेवा: इंजिन हवा कुठून घेतं. एअर फिल्टरच्या नळीचं तोंड किती उंचीवर आहे ते हाताने दाखवता आलं पाहिजे. कंपन्या काही गाड्यांना पाण्याची हद्द देतात. टोयोटाच्या हायलक्सला 700 मिमी सांगितलेली आहे. पण तो आकडा हळू चालवलेल्या गाडीचा आणि संथ पाण्याचा आहे, पुराचा नव्हे. आणि तो शेजाऱ्याच्या गाडीचा असेल तर आपल्या कामाचा नाही.

पाण्यात उतरण्याआधी गाडी थोडा वेळ उभी राहू द्या. लांबून तापून आलेलं मागचं हाउसिंग एकदम गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. एसी असेल तर बंद करा, म्हणजे त्याच्यामुळे फिरणारा पंखा पाणी उडवणार नाही. दोन्ही काचा पूर्ण खाली, दरवाजे अनलॉक. बटणाच्या काचा पाणी लागल्यावर उघडतीलच याचा भरवसा नसतो आणि बाहेरून पाण्याचा दाब असला की दार ढकलता येत नाही. टो-चेन किंवा जाड दोर पुढच्या हुकाला आत्ताच बांधून बॉनेटवर ठेवा. पाण्यात बुडालेला हुक चाचपडत शोधायची वेळ वाईट असते. फोर-व्हील असेल तर ती काठावरच लावा, मध्यात नव्हे.

आता फर्स्ट गिअर. चालत्या माणसाच्या वेगाने उतरायचं. रेस हलकी आणि एकसारखी. बंपरपुढे पाण्याची एक लहानशी लाट तयार होते; तिच्या मागे, इंजिनाच्या जागी, पाणी थोडं खाली बसतं. त्या लाटेच्या मागे मागे, तिला मोडू न देता, तिच्याच चालीने जायचं. वेग वाढवला की लाट बॉनेटवर चढते, पंखा पाण्यात शिरतो आणि एअर फिल्टरच्या तोंडाशी पाणी येतं. मध्यात गिअर बदलायचा नाही. क्लच दाबायचा नाही, कारण दाबला की चाकांचा रेटा सुटतो आणि क्लचप्लेटमध्ये पाणी शिरू शकतं. हाफ क्लचवर तर बिलकूल चालवू नका. नजर पलीकडच्या काठावरच्या एका खुणेवर ठेवा, पाण्यावर नको. वाहत्या पाण्याकडे बघत राहिलं की आपणच बाजूला सरकतोय असं वाटून स्टिअरिंग वळतं. एका वेळी एकच गाडी पाण्यात. समोरून कुणी येत असेल तर त्याला येऊ द्या, त्याच्या लाटा विरू द्या.

चाकं जागच्या जागी फिरू लागली तर रेस वाढवून उपयोग नाही. टायरखालची वाळू पाणी धुऊन नेतं आणि गाडी आणखी बसते. रेस सोडा, आलात त्याच रेषेवर हळू रिव्हर्स घ्या. हलली नाही तर दोर आहे.

आणि गाडी मध्यात बंद पडली तर? हात आपोआप चावीकडे जातो. तो आवरायचा. पाणी फिल्टरच्या तोंडापर्यंत आलं असेल तर सेल्फ मारणं म्हणजे इंजिन आपल्या हाताने फोडणं. डिझेल इंजिन सिलिंडरमधली हवा 16 ते 18 पट दाबतं. हवा दबते, पाणी दबत नाही. पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडा. तो ओला असेल तर मेकॅनिक येईपर्यंत चावी खिशात ठेवा. पाणी खालीच असेल आणि नुसता क्लच चुकून बंद पडली असेल, तर गोष्ट वेगळी, तरी आधी फिल्टर बघा. विम्याचंही सांगून ठेवतो: पाण्यात सेल्फ मारून झालेलं इंजिनचं नुकसान साधी पॉलिसी बहुधा देत नाही, त्यासाठी वेगळं कलम घ्यावं लागतं. एजंटला आजच विचारा.

पाणी चढत असेल तर गाडी सोडायची. माल सोडायचा. बाहेर पडणं शक्य असतानाच खिडकीतून पडा. ओढ फार असेल तर पाण्यात उडी न मारता टपावर चढा, 112 ला फोन करा, दोराची वाट बघा. गाडीचे हप्ते पुन्हा फेडता येतात.

हौद्यातल्या माणसांबद्दल वेगळं सांगायला हवं. शादीचं वऱ्हाड, इज्तेमाला निघालेली मंडळी, कधी मदरशातली मुलं, पिकअपच्या हौद्यात उभी असतात. मालवाहू गाडीत असं माणसं नेणं कायद्याला धरून नाहीच. पण ते चालतं, हे आपण सगळे जाणतो. निदान पाण्याच्या काठावर तरी सगळ्यांना उतरवा. पाणी चालून जाण्याजोगं असेल तर मोठ्यांनी लहानांचे हात धरून चालत जावं, गाडी मागून रिकामी येईल. आणि चालून जाण्याजोगं नसेल तर गाडीही जाणार नाही, हे आधीच बोललो. वऱ्हाडात एखादे चाचा म्हणतील, “कपडे भिजतील, चल तसाच.” ड्रायव्हर वयाने लहान असला तरी अशा वेळी त्याचं ऐकायचं असतं, हे चाचांना सांगायचं काम बरोबरच्या मोठ्यांनी करावं. पोराला सांगायला लावू नये.

खाडीकाठच्या वाचकांसाठी थोडं. तिथल्या वाटा भरती-ओहोटीवर चालतात आणि दिवसात दोनदा पाणी चढतं. रोज भरतीची वेळ साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे ‘काल दहाला मोकळं होतं’ हे आज कामाचं नाही. आपल्या घरात चांदाची तारीख सगळ्यांना ठाऊक असते, तिचा इथे उपयोग करा. नवा चांद दिसतो ते दिवस आणि चौदावी-पंधरावीच्या आसपासचे दिवस उधाणाचे. त्या दिवसांत वर मुसळधार पाऊस असेल तर नदीचं पाणी समुद्रात उतरत नाही, मागे फुगतं. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठी शहरात शिरली तेव्हा अतिवृष्टी आणि भरती एकत्र आल्या होत्या.

पलीकडे पोचलात की लगेच वेग घेऊ नका. ब्रेक भिजलेले असतात आणि मागच्या ड्रममध्ये पाणी आणि बारीक वाळू अडकून राहते. हळू चालवत ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबा, धरतात अशी खात्री झाली की मगच उताराला लागा. रेडिएटरच्या जाळीवर पाला चिकटला असेल तर काढा, नाहीतर पुढच्या घाटात गाडी तापेल. खारं पाणी लागलं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने चेसिस खालून धुवा. गंज उद्यापर्यंत थांबत नाही. आणि हाउसिंग पाण्यात बुडालं असेल तर दोन-चार दिवसांत त्याचं ऑइल बघून घ्या. बोल्ट ढिला केल्यावर दुधाच्या चहासारखं फिकट ऑइल आलं तर आत पाणी गेलंय. ते बदलायला थोडे पैसे लागतील, पण तसंच चालवलं तर बेअरिंग आणि दातेचाकं जातील, आणि ते बिल एका हप्त्यापेक्षा मोठं असेल.